दादाच्या मांडीतलं लोखंड



सोयाबीन घरात आलं. कुटार झाकून झालं. वरच्या वावरात चना पेरून झाला, खालच्या दीड एकरात अजून वाफसा नाही, चिखल पायाला गोळा होते. म्हणून दोन दिवस मोकळे भेटले, आणि बऱ्याच दिवसांपासून डोक्यात असलेली गोष्ट आज लिहून टाकतो. शेतीची नोंद नाही, पण आपल्या पानावर वाचणाऱ्या बऱ्याच घरातला एखादा तरी माणूस फौजेत आहे किंवा होता, म्हणून इथंच लिहितो.

माझा चुलत मोठा भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, फौजेत होता. सतरा वर्षं नोकरी करून पेन्शनवर आला आणि तेव्हापासून आमच्या शेजारीच वावर करते. मागच्या महिन्यात त्याची कंबर धरली. वाशिमला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले एमआरआय करू. मशीनच्या खोलीबाहेर एक पोरगा कागद घेऊन बसला होता, त्यानं विचारलं, "काका, अंगात कुठं लोखंड, रॉड, स्क्रू, काही आहे का?"

दादा म्हणाला, "हाये ना. डाव्या मांडीत."

"ऑपरेशन झालं होतं का?"

"नाही. सुरुंग फुटला होता."

पोरगा माझ्याकडं पाहायला लागला. मग एक्स-रे काढला. मांडीच्या हाडाजवळ तीन पांढरे ठिपके, एक हरभऱ्याच्या दाण्याएवढा, दोन त्याहून बारीक. डॉक्टरनं फिल्म उजेडात धरली अन् म्हणाले, हे असताना एमआरआय नको, दुसरी तपासणी करू. पाच मिनिटांत विषय मिटला. कुणी दाखला मागितला नाही, साक्षीदार मागितला नाही. लोखंड आहे म्हणजे आहे.

तेच लोखंड एका कार्यालयाला अडीच वर्षांपासून दिसत नाही. कार्यालयाचं नाव घेत नाही, दादाची पलटणही सांगत नाही. माणसं तिथलीही नोकरीच करतात.

आता मूळ गोष्ट. आपल्या फौजेत लढाईत जखमी झालेल्या जवानाला एक पदक मिळते. इंग्रजीत त्याला वूंड मेडल म्हणतात, सरकारी नाव पराक्रम पदक. पांढरी फीत, मधोमध लाल पट्टा. शौर्याचं पदक वेगळं, ते कुणी शिफारस केली तर मिळते. हे पदक शिफारशीचं नाही, हक्काचं आहे. अट एकच मोठी, की जखम शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत झालेली पाहिजे. ट्रेनिंगमध्ये पडला, गाडी उलटली, पाय घसरला, तर नाही. म्हणजे सगळा वाद जखमेचा नसतोच, जखम कशानं झाली याचा असते.

दादा १९८७ च्या ऑक्टोबरात श्रीलंकेला गेला. ऑपरेशन पवन. आपली शांतिसेना तिथं गेली ती शांतता ठेवायला, पण गेल्या गेल्या जाफन्यात लढाईच पेटली. १९९० च्या मार्चपर्यंत शेवटची तुकडी परत आली, तोपर्यंत हजारावर जवान गेले होते. आपल्या लोकांना त्यातलं एक नाव माहीत असावं, मेजर रामस्वामी परमेश्वरन. ८ महार बटालियन, मुंबईत जन्मलेले, २५ नोव्हेंबर १९८७ ला पडले, मरणोत्तर परमवीर चक्र. त्याच महिन्यात दादाला लागलं. त्याला स्वतःच्या पलटणीतून काढून दहा-बारा जणांबरोबर दुसऱ्या एका तुकडीच्या मदतीला दिलं होतं, रस्ता मोकळा करायच्या कामाला. पहाटे रस्त्यात सुरुंग फुटला. पुढचे दोघं जागेवरच गेले. दादाच्या मांडीत छर्रे घुसले. हेलिकॉप्टरनं आणलं, मग मद्रासच्या मिलिटरी दवाखान्यात काही आठवडे. मोठे तुकडे काढले, बारीक हाडाजवळचे राहू दिले. डॉक्टर म्हणाले, काढायला गेलो तर जास्त खराब होईल.

आता यात गाठ कुठं पडली ते पाहा. फौजेत जवान जखमी झाला की त्याची युनिट नोंद करते. बॅटल कॅज्युअल्टीची खबर वर जाते, जखमेचा रिपोर्ट बनते, आणि पार्ट टू ऑर्डर नावाचा एक कागद निघते. हा पार्ट टू ऑर्डर म्हणजे आपल्या भाषेत फेरफार समजा. लग्न झालं, पोरगं झालं, बदली झाली, जखम झाली, सगळं त्यातून नोंदीला लागते. फेरफार नाही तर सातबाऱ्यावर नाव नाही. दादाच्या पलटणीला वाटलं की ज्यांच्याकडं दिला होता ते काढतील. त्यांना वाटलं, माणूस आपला नाही, त्याची पलटण काढेल. दोघांनीही काढला नाही. दादाच्या डिस्चार्ज बुकात एवढंच आहे की डाव्या मांडीला जखम, उपचार, ड्यूटीवर परत. कशानं जखम, ती जागा कोरी.

आणि दादानं तेव्हा विचारलं का? नाही विचारलं. उलट लपवलं. हे फौजेतल्या माणसांना विचारून पाहा, कितीतरी जण सांगतील. जखम जास्त सांगितली तर मेडिकल कॅटेगरी खाली जाते, प्रमोशन अडते, कोर्सला नाव जात नाही. दादा म्हणते, "नायक व्हायचं होतं मले. लंगडत गेलो असतो तं कोन करत होतं नायक?" बाहेर पडताना बोर्डासमोरसुद्धा एकदम फिट म्हणून सही केली. म्हणून अपंगत्वाची पेन्शनही नाही, साधीच आहे. त्याबद्दल त्याची तक्रार नाही.

पदकाचं डोक्यात आलं ते नातवामुळं. शाळेत १५ ऑगस्टला माजी सैनिकांना बोलावलं होतं. दादा कोट घालून, पदकं लावून गेला. शेजारच्या गावचे एक हवालदार आले होते, त्यांच्या छातीवर ती पांढरी-लाल फीत होती. नातवानं विचारलं, आबा, हे कायचं? त्यांनी सांगितलं, गोळी लागली होती त्याचं. पोरगं घरी येऊन दादाला म्हणते, "आबा, तुमच्या पायात तं लोखंड हाये, मग तुमाले काऊन नाही?"

दादानं अर्ज केला. पाच महिन्यांनी उत्तर आलं. मी दहावी पास माणूस, इंग्रजी पत्र पुतण्याकडून वाचून घेतलं. मतलब असा, की शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखम झाल्याचा पुरावा जोडावा. कोणता पुरावा? तर कॅज्युअल्टीची खबर, जखमेचा रिपोर्ट, पार्ट टू ऑर्डर. म्हणजे जे कागद त्यांनी बनवायचे, त्यांनी ठेवायचे, तेच आम्ही रिठदहून पाठवायचे. दादा पत्र ऐकून हसला. म्हणाला, "बापू, जाफन्यात म्या पिशवी घेऊन गेलो असतो कागदं ठेवाले."

मी मात्र हसलो नाही, कारण मला माझं आठवलं. एक रुपयाचा पीकविमा होता त्या वर्षीची गोष्ट. वावरात पाणी साचून सोयाबीन सडलं. नियम होता की ७२ तासांत कळवा. तीन दिवस गावात लाइट नाही, मोबाइल बंद, ॲप उघडत नाही. चौथ्या दिवशी टोल फ्री लागला तर म्हणे मुदत संपली. पाणी वावरात अजून उभं होतं, साहेब. बेडूक ओरडत होते. नुकसान डोळ्यांनी दिसत होतं, पण ७२ तासांचा कागद नव्हता म्हणून नुकसानच झालं नाही. आपल्यातल्या किती जणांचं असं झालं असेल, हात वर करा म्हटलं तर अर्धं गाव करेल.

दादाचे ७२ तास तर बेशुद्धीत गेले होते.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर एकतर्फी होईल. पुरावा मागूच नये असं माझं म्हणणं नाही. आपल्याच महाराष्ट्रात बीड जिल्ह्यात स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनचं प्रकरण किती गाजलं. खोटे दाखले, खोटे साक्षीदार, शेवटी न्यायमूर्ती पालकरांचा आयोग बसला. आणि विम्यात, अनुदानात आपल्याही लोकांनी काय काय केलं ते आपल्याला माहीत आहे. पडीत जमिनीवर कांदा दाखवणारे आपलेच. तपासायला पाहिजे. ज्यानं खरंच गोळी खाल्ली त्याच्या फितीची किंमत राहायची असेल, तर कुणीही उठून ती लावू नये. शेजारच्या गावच्या त्या हवालदारांचा विचार केला तर हे पटते.

पण तपासणं वेगळं आणि ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर टाकणं वेगळं. ज्याच्या कपाटात कागद आहे त्यानं आधी स्वतःचं कपाट पाहावं. पलटणीची रोजची डायरी असते. दादा ज्या तुकडीला दिला होता त्या तुकडीची त्या तारखेची डायरी असेल, त्या दिवशी दोन जवान शहीद झाले त्यांचे कागद तर शंभर टक्के आहेत, कारण त्यांच्या घरी पेन्शन गेली. त्याच सुरुंगात जखमी झालेल्यांची नावं त्याच चौकशीत असणार. मद्रासच्या दवाखान्यात दाखल केल्याची नोंद असणार. हे चार धागे कार्यालयानं जोडले तर एका आठवड्यात उत्तर निघते. आम्ही जोडायला गेलो तर प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज आणि प्रत्येक ठिकाणी "संबंधित कार्यालयाकडे संपर्क साधावा".

सुप्रीम कोर्टानं २०१३ साली धरमवीर सिंग या जवानाच्या केसमध्ये अपंगत्वाच्या पेन्शनबद्दल असाच न्याय दिला आहे. भरती करताना माणूस धडधाकट होता आणि कागदावर कोणताही आजार लिहिला नव्हता, तर नंतर आलेलं अपंगत्व नोकरीमुळं आलं असंच धरायचं. नाही म्हणायचं असेल तर ते सरकारनं सिद्ध करायचं, आणि शंकेचा फायदा जवानाला. हा निकाल पेन्शनचा आहे, पदकाचा नाही, हे मला कळते. पण पैशाच्या बाबतीत जर शंकेचा फायदा जवानाला देता येते, तर ज्या पदकामागं पैसा नाही, नुसती एक फीत आहे, तिथं हात एवढा आखडता कशाला? दादा भरती झाला तेव्हा मांडीत लोखंड नव्हतं. पेन्शनवर येऊन त्यानं वावरात सुरुंग पेरले नाहीत. मग ते आलं कुठून, याचं उत्तर कार्यालयानंच द्यावं ना.

अमेरिकेत अशाच पदकाला पर्पल हार्ट म्हणतात. १९३२ पासून आत्ताच्या रूपात देतात. तिथंही कागद कडक लागतो, जखम शत्रूकडून झाली आणि डॉक्टरनं उपचार केले याची नोंद पाहिजे. पण १२ जुलै १९७३ ला सेंट लुईस शहरात सैनिकांच्या नोंदींच्या इमारतीला आग लागली. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या, दुसऱ्या प्रती नव्हत्या. मग काय केलं? तुमची फाइल जळली, घरी जा, असं म्हणता आलं नाही. पगाराचे कागद, तुकडीच्या रोजच्या हजेरीचे कागद, दवाखान्याच्या याद्या, असं इकडून तिकडून जमवून माणसांच्या नोंदी पुन्हा उभ्या करायला घेतल्या. सोबतच्या सैनिकांचं शपथेवरचं म्हणणंही तिथं विचारात घेतात. तिथले म्हातारे सैनिकसुद्धा वर्षानुवर्षं हेलपाटे घालतात, सगळं सोनं आहे असं नाही. पण आग लागली तिथं रस्ता काढला, आणि आपल्याकडं आग लागली नाही तरी रस्ता बंद.

कुणी म्हणेल, एवढ्या वर्षांनी एका फितीसाठी कशाला? वावर करा, नातू खेळवा. त्यांना मुरलीकांत पेटकरांचं सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे. फौजेत ईएमईत होते, १९६५ च्या लढाईत गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग गेलं. पोहायला शिकले ते उपचार म्हणून, आणि १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सोनं आणलं. भारताचं पहिलं. त्या माणसाला पद्मश्री मिळाली २०१८ ला. अर्जुन पुरस्कारासाठी १९८२ मध्ये मागणी केली, तेव्हा नाकारली, आणि मिळाला तो जानेवारी २०२५ मध्ये, त्यांच्यावर पिक्चर येऊन गेल्यावर. वय ८० झालं होतं. सोन्याचं पदक हातात असलेल्या माणसाला एवढी वर्षं, तर आमच्या दादाचं काय. पण पेटकर थांबले नाहीत, आणि त्यांना कुणी विचारायला जावं की कशाला पाहिजे होतं म्हणून. माणसाला आपलं झालेलं कुणीतरी झालं म्हणावं असं वाटते. एवढंच असते ते.

आता ज्यांच्या घरात असं प्रकरण आहे त्यांच्यासाठी, आम्ही धक्के खाऊन जे शिकलो ते लिहितो.

पहिल्या अर्जात दादानं नुसतं "पदक मिळावं" असं लिहिलं होतं, ती चूक. नंतरच्या अर्जात सैनिक नंबर, हुद्दा, पलटण, कोणाच्या मदतीला दिलं होतं, तारीख, जागा, कोणत्या दवाखान्यात कधी ते कधी, सोबत कोण जखमी, कोण शहीद, सगळं टाकलं. तारीख आठवत नव्हती. मग शहीद झालेल्या सोबत्याच्या घरी फोन लावला, त्यांच्याकडं पुण्यतिथी पाठ होती. तारीख तिथून भेटली. हे करताना दादाचा आवाज बसला होता, अर्धा तास तो बोललाच नाही.

दुसरं, माहितीच्या अधिकारात कागद मागा. दहा रुपयांची फी. "माझी सगळी माहिती द्या" असं मोघम मागू नका. त्या महिन्याचे पार्ट टू ऑर्डर, जखमेचा रिपोर्ट, दवाखान्याचे कागद, त्या दिवशीच्या घटनेच्या चौकशीची नक्कल, असं नाव घेऊन मागा. रेकॉर्ड ऑफिस प्रत्येक रेजिमेंटचं वेगळं असते, महारचं सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला. चुकीच्या ठिकाणी अर्ज गेला की दोन महिने वाया. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन नक्कल शिक्का मारून घ्या. आणि पेन्शन न घेता लवकर घरी आलेले जे आहेत त्यांनी जास्त घाई करा, त्यांच्या फायली २५ वर्षांची मुदत झाली की नष्ट करतात.

पदक आणि पेन्शन यात गोंधळ करू नका. लढाईतल्या जखमेमुळं नोकरीतून बाहेर पडावं लागलं असेल किंवा अपंगत्व असेल, तर वॉर इंज्युरी पेन्शनचा विषय वेगळा आहे. त्यात ३१ जानेवारी २००१ च्या संरक्षण खात्याच्या पत्रात अ पासून ई पर्यंत पाच गट केले आहेत, शेवटचा गट लढाईतल्या जखमांचा. त्यासाठी लागल्यास सैन्य न्यायाधिकरण आहे, मुंबईला खंडपीठ आहे. वकील लागते, वेळ लागते.

आपल्या पानावर कृषी सहायक आहेत, अकोल्याच्या पंजाबराव विद्यापीठातले साहेब लोकही वाचतात. तुम्ही आम्हाला नेहमी सांगता की नोंदवही ठेवा, कोणती फवारणी कधी केली लिहून ठेवा, नोंद नाही तर प्रयोग नाही. बरोबर सांगता. पण तुमच्या प्रात्यक्षिकाच्या प्लॉटची नोंद तुम्ही स्वतः ठेवता, ती हरवली तर शेतकऱ्याला म्हणत नाही की तुझ्या वावरात पीकच नव्हतं. तेवढंच आमचं त्या कार्यालयाला म्हणणं आहे.

काम कुठपर्यंत आलं ते सांगतो. माहितीच्या अधिकारात पहिलं उत्तर आलं, "नोंद उपलब्ध नाही." अपील टाकलं. अपिलात दवाखान्यात दाखल केल्याची एक ओळ सापडली. दादाचा नंबर, तारीख, आणि पुढं इंग्रजीत स्प्लिंटर जखम असं. सुरुंग शब्द नाही, पण मांडीत छर्रा नांगरटीनं जात नाही एवढं तरी कुणालाही कळावं. पुतण्यानं ते पान मोबाइलवर वाचून दाखवलं तेव्हा दादा गोठ्यात होता. हात धुऊन आला, पान मोठं करून पाहिलं, आणि म्हणाला, "हा माह्याच नंबर हाये." परत गोठ्यात गेला.

त्या दिवशीचे सोबतचे दोघं भेटले आहेत. एक बुलडाणा जिल्ह्यातले, एक हिंगोलीकडचे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जुना फोटो फिरला त्यातून. एकाचा त्याच स्फोटात कान गेला, त्याच्या पुस्तकात मात्र सगळं बरोबर लिहिलेलं आहे, तारीख, जागा, कारण, आणि ती फीत त्याच्याकडं आहे. एकाच सुरुंगात एकाचा कागद झाला, एकाचा नाही.

दोघंही येत्या सोमवारी वाशिमला शपथपत्र करून द्यायला येणार आहेत. मुक्काम आमच्याकडंच. दादानं आजच सांगून ठेवलं, खालच्या दीड एकरात वाफसा आला तरी सोमवारी पेरायचं नाही, ट्रॅक्टरवाल्याला मंगळवार दे.